मदत हवी आहे: लसीकरणाचं कार्ड भिजून गेलंय, मुलीच्या राहिलेल्या लसी कशा द्यायच्या?

आमच्या दिंडोरीच्या द्राक्षबागेत गोडी छाटणीला (फळासाठीच्या छाटणीला) सुरगाण्याचं मजूर कुटुंब आलंय. त्यांची मुलगी डिसेंबर २०२० ची, ऐन कोरोनातली. दंडावर बीसीजीचा (क्षयाच्या लसीचा) व्रण आहे, पुढच्या डोसांचं आईलाही आठवत नाही. कार्ड कुडाच्या घरात भिजून गेलं. गावच्या आशाताईंना फोन केला, जुनी नोंद सापडेना. इथल्या सिस्टर म्हणतात, कार्ड आणा. आता आणायचं कुठून!

सरकारी वेळापत्रकात गोवर-रुबेला पाच वर्षांपर्यंतच, डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) सातपर्यंत; मुलगी आता पाचची होईल, म्हणजे गोवर-रुबेलासाठी हाताशी दोनच महिने. मंडळी पंधरा दिवसांत पुढच्या बागेवर जातील. खासगी दवाखाना परवडणार नाही. तापबिप नाही, पोर ठणठणीत आहे.

नोंद नसेल तर डोस झालेच नाहीत असं धरून लगेच देतात का, आणि नवं कार्ड इथेच कोण करून देईल?