न सांगता दारू सोडवायची गोळी: आमटीत घातली तर?

प्रश्न (निशिगंध): डायसल्फिराम गुपचूप दिलेलं चालतं का? आणि गोळी चालू असताना समुपदेशन कशाला?

औषधवाला: अजिबात नाही. वर दारू प्यायली की चेहरा लालबुंद, उलट्या, धडधड, रक्तदाब कोसळतो. जीवही जाऊ शकतो. शेवटच्या घोटानंतर किमान १२ तास गेल्यावरच, रुग्णाच्या संमतीने सुरू करतात. गोळी थांबवल्यावरही असर १४ दिवसांपर्यंत राहू शकतो. खोकल्याच्या काही सिरपमध्येही अल्कोहोल असतं, लेबल वाचा.

वॉर्डातली: रोज पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका. ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. डॉक्टर आधी ती अवस्था सांभाळतात, थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) देतात. ओढ कमी करायला नाल्ट्रेक्सोन ५० मिग्रॅ रोज, पण यकृताची तपासणी करून. ब्राउन शुगर किंवा अफू घेणाऱ्याला मात्र ७-१० दिवस कोरडे गेल्याशिवाय नाही, नाहीतर गोळीच नशा तुटल्याचा त्रास उसळवते.

निशिगंध: मग ब्राउन शुगरवर काय?

वॉर्डातली: ब्युप्रेनॉर्फिन-नालोक्सोन. जिभेखाली, विरघळेपर्यंत गिळायची नाही. अंग दुखणं, जांभया, नाक गळणं सुरू झाल्यावरच पहिली गोळी.

औषधवाला: समुपदेशनाचं म्हणाल, तर काही गोळ्या ओढ कमी करतात, पण पगाराच्या दिवशी गुत्त्यावरून घरी कसं यायचं ते तिथे ठरतं. चौकशीला व्यसनमुक्तीची हेल्पलाइन १४४४६.