समोरच्या उद्यानाची जबाबदारी एकाच अधिकाऱ्याकडे असावी

बी-४०२ : सर्वांना नमस्कार. समोरच्या उद्यानातील झोपाळ्याची तक्रार मी मार्चपासून तीनदा नोंदवली आणि तिन्ही वेळा 'तक्रार निकाली काढण्यात आली आहे' असा संदेश आला. प्रत्यक्षात काल सायंकाळीही तुटलेली साखळी सुतळीने खांबाला बांधलेलीच होती, आणि शेजारच्या झोपाळ्याची वरची कडी झिजून जेमतेम काडीएवढी उरली आहे. त्यावर मुले रोज बसतात.

ए-१०३ : काका, मी गेल्या आठवड्यात क्षेत्रीय कार्यालयात जाऊन आले. खेळणी ठेकेदाराकडे, दिवे विद्युत विभागाकडे, पंप पाणीपुरवठ्याकडे आणि फरशी स्थापत्यकडे, असे उत्तर मिळाले. माळीदादांना दोष देणे मला पटत नाही. ते एकटे सकाळी झाडलोट करतात, दुपारी पाइप ओढत फिरतात आणि त्यांना साधा नट-बोल्ट मागवण्याचाही अधिकार नाही.

सी-२०१ : फाटकाजवळच्या गुलमोहराची वाळलेली फांदीही तशीच लोंबते आहे. १९७५ च्या झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमानुसार झाड तोडण्यास परवानगी लागते आणि ती लागलीच पाहिजे; परंतु जिवाला धोका असलेल्या तक्रारी बाकड्याच्या रंगाच्या तक्रारीबरोबर एकाच ढिगात पडून राहाव्यात, हे अत्यंत चुकीचे आहे.

बी-४०२ : म्हणूनच माझी सूचना अशी, की प्रत्येक उद्यानासाठी एकच अधिकारी जबाबदार असावा, किरकोळ दुरुस्तीचा खर्च त्याला स्वतःच्या सहीने करता यावा आणि इतर विभागांशी पाठपुरावा नागरिकांनी नव्हे, त्याने करावा. तक्रारदाराने होकार दिल्याशिवाय तक्रार बंद होऊ नये. ठेकेदाराचे नाव, कराराची मुदत आणि त्याने करावयाची कामे फाटकावरील फलकावर लिहिली, तर निम्मे हेलपाटे वाचतील. माहिती अधिकार अधिनियम, २००५ नुसार कराराची प्रत मागता येते, कामाची पाहणीही करता येते आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. अर्ज मी करतो.

सचिव : सोसायटीच्या लेटरहेडवर निवेदन तयार करतो. रविवारी सकाळी दहा वाजता सह्यांसाठी कार्यालयात यावे. उद्या सकाळी माळीदादांना विचारून तो झोपाळा वर बांधून घेतो. दुरुस्ती होईपर्यंत कृपया मुलांना त्यावर बसू देऊ नये.