खिडकीबाहेर सगळं पांढरं, खोलीत अंधार: दिवसाच्या इंटिरियर रेंडरमध्ये प्रकाशाचा तोल कसा साधायचा?

सावलीचौकट

ब्लेंडर ४ (थ्रीडी सॉफ्टवेअर), त्यातलं सायकल्स रेंडर इंजिन. बैठकीची खोली ५ बाय ४ मीटर, छत २.८ मीटरवर, एकाच भिंतीत २.४ मीटर रुंद खिडकी. सन लाइट ५, एचडीआरआय (प्रकाश देणारं आकाशाचं चित्र) १, व्ह्यू ट्रान्सफॉर्म (सीनमधल्या तेजाचं पडद्यावरच्या रंगांत रूपांतर) एजीएक्स, एक्स्पोजर ०. भिंती पांढऱ्या (परावर्तन ०.८), जमीन गडद लाकडी, खिडकीची काच जाडीसकट मॉडेल केलेली, मटेरियलला प्रिन्सिपल्ड शेडर, ट्रान्समिशन (आरपारपणा) १.

जमिनीवरचा उन्हाचा पट्टा फिका आणि ठिपकेदार येतो, छत मातकट करडं. एक्स्पोजर २ केलं की खिडकी पूर्ण पांढरी. छताला दोन एरिया लाइट (पसरट दिवे) लावले तर खोली उजळते, पण सोफ्याखालची सावली नाहीशी होते आणि सगळं सपाट दिसतं. लाइट वाढवायचे, की टोन मॅपिंगमध्ये (तेजाचा पल्ला पडद्यापुरता दाबण्यात) काही करायचं?

अठरा_टक्के

दोन्ही नको. ते एरिया लाइट काढा आणि आधी काचेकडे बघा.

सायकल्समध्ये ट्रान्समिशनवाली काच शॅडो रे (पृष्ठभागापासून दिव्यापर्यंतची वाट तपासणारा किरण) अडवते. काचेतून आत येणारं ऊन मग कॉस्टिक्सच्या (काचेतून वळून पडणाऱ्या प्रकाशाच्या) वाटेनेच येऊ शकतं, म्हणून पट्टा फिका आणि ठिपकेदार. कॉस्टिक्स बंद असतील तर तेवढंही येत नाही. खात्री करायची असेल तर काच लपवून ६४ सॅम्पलवर (दर पिक्सेलला ६४ किरण) एक रेंडर काढा. खोली एकदम उजळली तर दुसरीकडे शोधायची गरज नाही.

उपाय: जाड काचेच्या जागी एकच सपाट प्रतल ठेवा. मिक्स शेडरच्या पहिल्या जागी ट्रान्सपेरंट, दुसऱ्या जागी ग्लॉसी (रफनेस ०), फॅक्टरला फ्रेनेल (कोनानुसार परावर्तन ठरवणारा नोड) १.४५. प्रतलाचा नॉर्मल (समोरची बाजू दाखवणारी दिशा) खोलीच्या आतल्या बाजूला असलाच पाहिजे. उलटा राहिला तर फ्रेनेल नोड काचेच्या आतून बाहेर बघितल्यासारखा हिशोब करतो आणि तिरक्या कोनात काच आरसा होऊन बसते. जाड काचेवर हाच शेडर लावला तरी मागच्या पृष्ठभागावर हेच होतं.

दुसरं, जमीन. ऊन सगळ्यात आधी तिच्यावर पडतं, त्यामुळे छताला किती प्रकाश मिळणार हे बरंचसं तीच ठरवते. गडद लाकडाचं टेक्श्चर सरासरी ०.०४ वगैरे असेल तर छत करडंच राहणार. ०.१२ ते ०.१५ पर्यंत आणा, लाकूड तरीही गडदच दिसेल. भिंतींना मात्र ०.८ च्या वर नेऊ नका. ०.९५ ची भिंत प्रकाश जिरूच देत नाही आणि कोपऱ्यांतल्या सावल्या धुऊन निघतात.

तिसरं, डिफ्यूज बाऊन्स (मॅट पृष्ठभागांवरून प्रकाशाच्या किती उसळ्या मोजायच्या). मूळ सेटिंग ४ असतं. सगळ्या बाजूंनी ०.८ असलेल्या बंद खोलीत ४ बाऊन्सना परावर्तित प्रकाशाचा सुमारे ५९ टक्के भागच हिशोबात येतो, ८ ला सुमारे ८३ टक्के. तुमच्या खोलीत जमीन गडद आहे आणि खिडकीतून प्रकाश बाहेरही जातो, त्यामुळे फरक कमी पडेल, पण ८ ठेवाच.

स्टॉपमोजणी

काचेबद्दल सहमत. आता बाहेरच्या पांढऱ्याबद्दल.

भर उन्हात बाहेर साधारण ईव्ही (एक्स्पोजर व्हॅल्यू) १५ आणि घराच्या आत ७-८ असतो, म्हणजे निदान ७ स्टॉपचा (प्रत्येक स्टॉपला प्रकाश दुप्पट), किमान १२८ पटींचा फरक. सीनमध्ये तो तसाच ठेवला तर कुठलाही टोन मॅपर दोन्ही टोकं सांभाळून चित्र रसरशीत ठेवू शकत नाही.

क्रम असा ठेवा. व्ह्यू ट्रान्सफॉर्म तात्पुरता फॉल्स कलरवर (तेजानुसार रंग दाखवणारा) न्या. उन्हाचा पट्टा सोडून, सावलीतली भिंत मधल्या करड्याच्या किंचित वर येईपर्यंत एक्स्पोजर हलवा (१ म्हणजे एक स्टॉप, दुप्पट प्रकाश). खोलीचं एक्स्पोजर ठरलं, आता त्याला हात लावू नका. मग वर्ल्डमध्ये (बाहेरच्या आकाशाच्या सेटिंगमध्ये) दोन बॅकग्राउंड नोड घ्या: एक प्रकाश देणारा, स्ट्रेंग्थ १, दुसरा फक्त कॅमेऱ्याला दिसणारा, ०.२५, म्हणजे दोन स्टॉप खाली. लाइट पाथमधल्या इज कॅमेरा रे ने (किरण थेट कॅमेऱ्याचा आहे का ते सांगणारं) दोन्ही मिक्स करा. बाहेरचं दृश्य खोलीपेक्षा दोन-तीन स्टॉप वर राहिलं की पुरे.

ही युक्ती जुन्या काचेबरोबर चालणार नाही. ट्रान्समिशनमधून गेलेला किरण कॅमेरा रे राहत नाही, त्यामुळे खिडकीत उजळच बॅकग्राउंड दिसत राहील. ट्रान्सपेरंटमधून गेलेला मात्र कॅमेरा रेच राहतो. चकचकीत फरशीवरच्या प्रतिबिंबात बाहेरचं मूळ तेजच दिसेल, ते तसंच हवं.

कवडसा

बाहेरचं प्रत्येक पान दिसायला हवं हा हट्ट कशाला? खिडकीची वरची कड थोडी जळलेलीच बरी वाटते. आत-बाहेर समान तेज असलं की खिडकी भिंतीला चिकटवलेल्या पोस्टरसारखी दिसते.

तरीही खोल कोपरा फारच काळा राहिला तर छताला लाइट नको. खिडकीच्याच मापाचा एरिया लाइट काचेच्या आत १० सेंटिमीटरवर, तोंड खोलीकडे, रंग आकाशाचा. रे व्हिजिबिलिटीत कॅमेरा आणि ग्लॉसी (प्रतिबिंब) बंद, नाहीतर फरशीत पांढरा चौकोन उमटतो. एकूण उजेड अर्ध्या स्टॉपपेक्षा जास्त वाढू देऊ नका. प्रकाश खिडकीकडूनच येतो, म्हणून सोफ्याखालची सावली टिकते. पोर्टल (खिडकीत लावायचा, आकाशाचा प्रकाश कुठून येतो ते दाखवणारा एरिया लाइट) ही वेगळी गोष्ट आहे. त्याने प्रकाश वाढत नाही, फक्त एचडीआरआयचा नॉइज (ठिपके) कमी होतो.

सावलीचौकट

काच बदलली, जमीन ०.१४, बाऊन्स ८. छत आता स्वच्छ आहे आणि उन्हाचा पट्टा धारदार. खिडकीचा फिल लाइट (काचेच्या आतला तो एरिया लाइट) किती ठेवायचा हे दर वेळी पूर्ण रेंडर न करता ठरवता येईल का? लाइट ग्रुप (प्रत्येक गटाच्या प्रकाशाचं वेगळं चित्र) करून पाहिले, पण सगळ्यांची बेरीज मूळ चित्रापेक्षा काळी येते आणि नॉइजही दिसतो.

अठरा_टक्के

बेरीज काळी म्हणजे काहीतरी गटाबाहेर राहिलंय. बहुधा वर्ल्ड किंवा एमिशनवाला (स्वतः उजेड देणारा) एखादा मेश, उदाहरणार्थ दिव्याची शेड. त्यांनाही गट द्यावा लागतो. ऊन, आकाश, फिल आणि दिवे असे चार गट पुरतात.

नॉइजचं कारण वेगळं. रेंडर सेटिंगमधला डीनॉइज (ठिपके पुसणं) फक्त कम्बाइन्ड पासवर (पूर्ण चित्रावर) लागतो, गटांवर नाही. कम्पॉझिटरमध्ये (रेंडरनंतर चित्रं जुळवण्याच्या जागी) प्रत्येक गटाला गुणक लावा, बेरीज करा आणि शेवटी एकच डीनॉइज नोड. व्ह्यू लेयरमधला डीनॉइजिंग डेटा चालू करून नॉर्मल आणि अल्बेडो (पृष्ठभागाचा मूळ रंग) त्याला जोडा. गुणक २ म्हणजे एक स्टॉप. कुठल्याही गटाला त्याहून जास्त लागत असेल तर लाइटची मूळ ताकद वाढवून पुन्हा रेंडर करा, कारण गुणकाबरोबर नॉइजही तितकाच वाढतो. फिल ०.७ पासून सुरू करा आणि सोफ्याखाली बघत खाली आणा.