मदत हवी आहे: अणुभट्टी बंद केल्यावर झेनॉन वाढतं काहून? (आणि आईचा एक प्रश्न)

नमस्कार मंडळी,

मी वणी तालुक्यातल्या खेड्यातली, बी.एस्सी. शेवटचं वर्ष, फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स. एनपीसीआयएल (अणुवीज बनवणारी सरकारी कंपनी) इथल्या स्टायपेंडरी ट्रेनीची, म्हणजे विद्यावेतनावर शिकणाऱ्या उमेदवाराच्या निवडीची, तयारी करते आहे. चंद्रपूरला मावशीकडे गेलं की थर्मलच्या चिमण्या दिसायच्या, तिथून हे खूळ लागलं. फिशन (युरेनियमचा अणू फुटणं), मॉडरेटर (न्यूट्रॉनचा वेग कमी करणारा पदार्थ), जड पाणी इथवर कळलं. आता तीन रात्रींपासून एकाच पानावर अडकले आहे.

पुस्तकात लिहिलंय, भट्टी बंद केली की झेनॉन-१३५ (फिशनमुळे तयार होणारा, न्यूट्रॉन गिळणारा वायू) आधी वाढतं, दहा-अकरा तासांनी कळसाला जातं, मग उतरतं. मी म्हटलं, फिशन थांबलं म्हणजे झेनॉन तयार होणंही थांबलं. उरलेलं ९.१ तासांच्या अर्धआयुष्याने (दर ९.१ तासांत निम्मं) कमी होत जाणार. माझा आलेख पहिल्या मिनिटापासून उतरतो, पुस्तकातला चढतो. कॉलेजात विचारलं तर "परीक्षेला येत नाही, सोडून दे" म्हणाले.

दुसरं, माय म्हणते किरणं लागतात, पोरीच्या जातीने तिथं जाऊ नये. तिला नुसता धीर नको, आकडा हवाय.

नेट स्लॅबवर चढल्यावरच लागतं, उत्तराला उशीर झाला तर राग मानू नका.

जुना शिफ्टवाला:
ताई, तुझी वजाबाकी बरोबर आहे, बेरीज राहिली. फिशनमधून थेट झेनॉन फार थोडं निघतं. बहुतेक सगळं आयोडीन-१३५ च्या ऱ्हासातून येतं, आणि त्याचं अर्धआयुष्य ६.६ तास.

तुमच्या वावरात विहीर-मोटर असेलच. असं धर, वर एक टाकी, खाली हौद. टाकीतून हौदात धार पडते आहे. हौदातलं पाणी मोटर उपसते, आणि हौद थोडा गळतोही. टाकी म्हणजे आयोडीन, हौद म्हणजे झेनॉन, मोटर म्हणजे न्यूट्रॉन (झेनॉन-१३५ ने न्यूट्रॉन गिळला की ते झेनॉन-१३५ राहत नाही), गळती म्हणजे झेनॉनचं आपलं आपण ऱ्हास पावणं. लाईन गेली. मोटर बंद, पण वरची धार चालूच! हौद चढणार की नाही? टाकी रिकामी होत आली की गळतीचं पारडं जड होतं आणि पातळी उतरते.

आमच्या पीएचडब्ल्यूआरमध्ये (जड पाण्याच्या भट्टीत) नैसर्गिक युरेनियम, हाताशी जादा रिअॅक्टिव्हिटी, म्हणजे साखळी चालू ठेवायचा जोर, अगदी बेताची. म्हणून ट्रिप झाली (भट्टी अचानक बंद पडली) की कंट्रोल रूममध्ये एक डोळा घड्याळावर. साधारण अर्ध्या तासात कारण सापडून भट्टी परत चढवली तर ठीक, नाहीतर झेनॉन न्यूट्रॉन गिळत बसतं आणि दीडेक दिवस वाट बघायची. थर्मलवाल्या पोरांना हे सांगितलं की हसतात. त्यांना फक्त बॉयलर तापायची वाट बघायची असते.

धागाकर्ती:
काका, जमलं! शंभर फिशनमागे सहाहून थोडे जास्त अणू निघतात, ते सगळं उत्पन्न मी थेट झेनॉनच्या खात्यात टाकलं होतं. आयोडीनचं समीकरण वेगळं मांडलं आणि आलेख चढला, कळस अकरा तासांच्या जरा आत आला. काल रात्री दादा हरभऱ्याला पाणी द्यायला गेला होता, मधेच लाईन गेली. मी अंधारात हौदाकडे बघत बसले, तो म्हणे येडी झाली काय.

पण पॉवर पूर्ण बंद न करता निम्मी केली तर?

जुना शिफ्टवाला:
मोटर अर्ध्या जोराने चालते, वरची टाकी मात्र जुन्या हिशोबाने भरलेली. म्हणून काही तास झेनॉन चढतं. मग टाकीच कमी भरायला लागते, झेनॉन उतरतं आणि आधीपेक्षा खाली येऊन थांबतं. ऑपरेटरला हे आधीच ओळखावं लागतं, म्हणून तर लायसन्सच्या परीक्षेत यावर घाम काढतात. हे पान सोडू नकोस.

आरोग्य भौतिकी:
आईंसाठी आकडे. आपल्याकडे कामगाराला पाच वर्षांत मिळून जास्तीत जास्त १०० मिलीसिव्हर्ट (अंगाला लागलेली किरणं मोजायचं माप), म्हणजे वर्षाला सरासरी २०, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. जमीन, आकाश, खाणंपिणं यांतून माणसाला निसर्गतःच जगाच्या सरासरीने वर्षाला सुमारे २.४ मिळतं. मर्यादा म्हणजे तेवढं घ्यायचंच असं नव्हे, जितकं कमी ठेवता येईल तितकं ठेवायचं. प्रत्येकाच्या छातीवर टीएलडी बॅज (लागलेली किरणं मोजणारा बिल्ला) असतो, त्याची नोंद नावानिशी राहते.

तुझ्यासाठी: बी.एस्सी.वाल्यांना स्टायपेंडरी ट्रेनीची कॅटेगरी-१, दीड वर्षाचं प्रशिक्षण. टक्केवारीची अट जाहिरातीत नीट वाच, साठच्या खाली गेलीस तर अर्जच अडतो. पुढे एम.एस्सी. केलंस तर १९५७ पासून चालू असलेलं बार्कचं (भाभा अणुसंशोधन केंद्राचं) ट्रेनिंग स्कूलही आहे.

धागाकर्ती:
आईला वाचून दाखवलं. २.४ वर ती बराच वेळ थांबली, "म्हणजे आत्ताही लागतच आहेत?" म्हणाली. आता विचारते, तो बॅज रोज घरी आणता येतो का, तिला बघायचा आहे.

आरोग्य भौतिकी:
नाही हो. ड्यूटी संपली की बॅज प्लांटवरच्या रॅकमध्ये ठेवायचा.