लॅपटॉप चालू, स्क्रीन काळी: तुमचे अनुभव लिहा

तगर:

काल रात्री साडेअकराला भाचीचा फोन आला. "मावशी, लॅपटॉप चालू होतोय, पंख्याचा आवाज येतोय, पण स्क्रीनवर काहीच नाही. उद्या सबमिशन आहे गं." आवाज रडवेला. मी म्हटलं, आधी कॅप्स लॉक दाब, दिवा लागतो का बघ. लागला. पुन्हा दाबल्यावर विझला. म्हटलं, मग तो जिवंत आहे, फक्त दिसत नाहीये. एचडीएमआयची वायर लावून टीव्हीवर सगळं दिसलं, तिने पहाटे तीनपर्यंत बसून काम पुरं केलं.

ती झोपली, पण मला काही झोप येईना. आईचा लॅपटॉप आठवत राहिला.

आई निवृत्त झाल्यावर माहेरी, खटाव तालुक्यातल्या गावी जाऊन म्हाताऱ्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या लिहून घ्यायची. बासष्टाव्या वर्षी क्लास लावून मराठी टायपिंग शिकली. रोज दुपारी एका बोटाने. साडेतीनशेच्या वर ओव्या झाल्या होत्या. २०१४च्या जुलैत एका सकाळी बटण दाबलं, निळा दिवा लागला, पंखा फिरला, स्क्रीन काळी. कॅप्स लॉकही लागेना. दुकानात नेला. त्या माणसाने उघडूनही न बघता सांगितलं, "मदरबोर्ड गेला, यात आता काही उरलेलं नाही." आई एक शब्द बोलली नाही. दुकानाबाहेर येऊन तिने पिशवीचे बंद मनगटाला दोनदा गुंडाळले आणि चालायला लागली. ओव्या सांगणाऱ्यांपैकी दोघी तोवर गेल्या होत्या.

आठ महिने तो लॅपटॉप उशीच्या अभ्र्यात गुंडाळून माळ्यावर होता. मग आमच्या तळमजल्यावरचा डिप्लोमा करणारा मुलगा म्हणाला, काकू, एकदा बघू द्या ना. त्याने चार्जर काढला, बॅटरी काढली, खालचं झाकण उघडलं. रॅमच्या, म्हणजे तात्पुरत्या मेमरीच्या पट्टीच्या, दोन्ही बाजूंच्या चिमट्या बाहेर ओढल्या, तशी ती पट्टी टपकन तिरकी वर आली. तिचे सोनेरी दात काळवंडले होते. माझ्या मुलाच्या कंपासमधला पांढरा खोडरबर घेऊन त्याने हलक्या हाताने घासले, कीस झटकला, पट्टी परत तिरकी घालून खाली दाबली. टक्. तिसऱ्या वेळी बटण दाबल्यावर लोगो आला. आई पोळ्या लाटत होती, ती पिठाच्या हातांनी तशीच बाहेर आली.

मला आजही राग येतो तो एवढ्यासाठीच. मदरबोर्ड खरंच गेला असता तरी ओव्या हार्ड डिस्कवर होत्या. ती वेगळी वस्तू, चार स्क्रू काढले की हातात येते. हे त्या माणसाला माहीत नसेल असं मला वाटत नाही.

तुमच्याकडे असं झालंय? कशाने सुटलं? नाही सुटलं तरी लिहा.

पाणंद:

पिठाचे हात वाचून गलबललं. माझा अनुभव नंतर लिहिते, कुकर लावलाय.

रत्नांग्री_बंदर:

आमच्याकडे हे दर पावसाळ्यात. रत्नागिरीची हवा, त्यात घर खाडीपासून दहा मिनिटांवर. जून संपेपर्यंत एकदा तरी रॅम काढून घासावीच लागते. फक्त एक सांगतो, बॅटरी काढल्यावर पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, आत राहिलेली वीज उतरते. नुसतं एवढं करूनही पुष्कळदा स्क्रीन येते, झाकण उघडावंही लागत नाही. आणि रॅमला हात लावण्याआधी लोखंडी कपाटाला हात लावा, अंगातली स्थिर वीज निघून जाते. रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा, कुठली रुसलीय ते लगेच कळतं.
बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवतो. नव्या चपलांच्या खोक्यात येतात त्याच.

ओसरी:

सिलिका जेलच्या पुड्या आमच्याकडे पापडाच्या डब्यात :) चालतं ना?

रत्नांग्री_बंदर:

@ओसरी, पुडी फुटली तर? पापडाला आपला तांदूळच बरा.

टिकाव_फावडं:

माझं वेगळंच होतं. घरून काम सुरू झालं तेव्हा ऑफिसचा लॅपटॉप मिळाला. जागा नव्हती म्हणून माझा स्वतःचा खाली आणि त्यावर ऑफिसचा, असं ठेवून बसायचो. ऑफिसचा चालू व्हायचा आणि स्क्रीन काळी. कधी पाच मिनिटांनी, कधी लगेच. तीन वेळा स्कूटरवरून इंजिनिअरकडे नेला, त्याच्या टेबलावर तासभर उत्तम चालायचा. घरी आणला की पुन्हा तेच. बायकोला वाटलं आमच्या घरची लाइटच खराब.
झाकण बंद झालंय हे लॅपटॉपला कळावं म्हणून झाकणात बारीकसा लोहचुंबक असतो आणि खालच्या भागात सेन्सर. खालच्या लॅपटॉपचा चुंबक वरच्याच्या सेन्सरला लागत होता. वरच्याला वाटायचं माझं झाकण मिटलं, तो स्क्रीन बंद करायचा. मध्ये लाकडी पोळपाट ठेवला, सुटला प्रश्न! चुंबकाची पट्टी असलेलं मोबाइलचं कव्हर, तसल्या डायऱ्या, चुंबकाचं ब्रेसलेट, सगळं कीबोर्डपासून लांब ठेवा.

केळफूल_२:

पोळपाट!!! मग पोळ्या कशावर?

टिकाव_फावडं:

@केळफूल_२, पोळ्यांसाठी ओटा. पुढे पोळपाट परत गेला, आता तिथे जुनं पंचांग आहे.

वऱ्हाडी_ऊन:

नागपूरचा मे महिना. पारा ४५च्या वर, कूलर बंद, लाइट गेलेली. पोरगा गादीवर ठेवून गेम खेळत होता. लॅपटॉप बंद पडला तो पडलाच, नंतर पंखा फिरे पण स्क्रीन नाही. दुकानदार म्हणाला ग्राफिक्स चिपचे टाके सुटले, हीट गनने गरम करून बसवतो. दोन हजार घेतले. चालला बी. दीड महिन्यात पुन्हा काळा. पुन्हा गरम केला, तीन आठवडे. तिसऱ्यांदा मी नाही म्हटलं. भाऊ, गरम करून आलेली स्क्रीन टिकत नाही, तेवढ्या वेळात आपला डेटा काढून घ्यायचा, बस. आणि गादीवर, उशीवर ठेवू नका. हवा घ्यायची भोकं खालीच असतात, ती दबतात.

सांजदिवा_मुंबई:

टॉर्चचा उपाय कुणी लिहिला नाही अजून. माझा २००७चा लॅपटॉप. सगळं चालू, विंडोज सुरू झाल्याचा आवाजसुद्धा यायचा, स्क्रीन मात्र काळी. शेजारच्या काकांनी खोलीतला दिवा मालवला आणि टॉर्च स्क्रीनवर तिरका मारला. आत धूसर धूसर सगळे आयकॉन दिसत होते! म्हणजे चित्र येत होतं, त्यामागचा उजेड गेला होता. तेव्हाच्या स्क्रीनमध्ये एलईडी नव्हत्या, बारीक ट्यूबलाइटसारखी नळी असायची आणि तिला वीज पुरवायला इन्व्हर्टरची छोटी पट्टी. लॅमिंग्टन रोडवर शोधून ती पट्टी आणली, साडेचारशे रुपये. पूर्ण स्क्रीन बदलायचे साडेसहा हजार सांगितले होते.
आताच्या लॅपटॉपना तो इन्व्हर्टर नसतो, पण टॉर्च मारून बघायला पैसे पडत नाहीत. आणि त्याआधी ब्राइटनेसची बटणं दाबून बघा. लहान मुलं शून्यावर नेऊन ठेवतात.

पाणंद:

लॅमिंग्टन रोड! कॉलेजात असताना मैत्रिणीबरोबर ग्रँट रोडला उतरून जायचो. प्रोजेक्टसाठी रेझिस्टर, कपॅसिटर, सगळं वजनावर मिळाल्यासारखं. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण त्या नावाने विचारलं तर कुणी सांगायचं नाही. येताना गाडीवरचा वडापाव ठरलेला. विषय भरकटला, सॉरी.

सांजदिवा_मुंबई:

@पाणंद, भरकटू दे. तुझा लॅपटॉपचा अनुभव राहिलाय पण.

दुपारची_वेळ:

इथे आत्ता कुणी आहे का? माझाच लॅपटॉप आत्ता असा झालाय. फोनवरून लिहितेय. दुपारी झाकण मिटून जेवायला गेले, आल्यावर उघडलं तर काळी स्क्रीन. दोन वाजता मुलांचा ऑनलाइन तास घ्यायचाय.

तगर:

@दुपारची_वेळ, घाबरू नका. कॅप्स लॉकचा दिवा?

दुपारची_वेळ:

लागतोय.

टिकाव_फावडं:

ताई, विंडोजचं बटण, कंट्रोल, शिफ्ट आणि बी, चारही एकदम दाबा. ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. बारीक बीप येते.

दुपारची_वेळ:

बीप आली. क्षणभर चमकल्यासारखं झालं. परत काळं.

दुपारची_वेळ:

आली आली आली! दुसऱ्यांदा दाबलं आणि आली. देव भलं करो तुमचं. तास घेऊन येते.

ओसरी:

हुश्श. मी इथे भाजी चिरायची थांबले होते.

नर्मदेकाठी:

बिजागरीची केबल. लेक नेहमी झाकण एका कोपऱ्याला धरून उचलायची. हळूहळू असं झालं की झाकण अर्धवट मिटलं की चित्र दिसायचं, सरळ केलं की काळं. ती बिचारी मान वाकडी करून अभ्यास करायची, आम्हाला वाटायचं बसायची सवय. स्क्रीनला जाणारी केबल बिजागरीतून वळते, रोज पिळ पडून आतल्या तारा तुटतात. केबल बदलली, मजुरीसकट १४०० रुपये. आता घरात नियमच केलाय, झाकण मधोमध धरून उघडायचं.

निळी_छत्री, श्टुटगार्ट:

सगळ्यांनी जुन्या मशिनचं लिहिलंय, माझा नवा कोरा. गेल्या हिवाळ्यात डीडीआर५ची, म्हणजे नव्या पिढीची, जास्तीची रॅम विकत आणून स्वतः बसवली. बटण दाबलं, दिवे लागले, स्क्रीन काळी. एक मिनिट थांबलो, बंद केला. पुन्हा लावला, पुन्हा बंद. चार वेळा. पोटात गोळा आला, इकडे दुरुस्तीची मजुरीच एवढी की नवीन घेतलेला परवडावा. शेवटी तसाच चालू सोडून चहा करायला गेलो. चहा घेऊन आलो तर लोगो! नवी रॅम लावली की पहिल्या वेळी मशीन तिची जुळवणी करून घेतं, त्यात काही मिनिटं स्क्रीन काळी राहू शकते. मीच ती दर वेळी मोडत होतो. तेव्हा रॅम बदलल्यावर दहा मिनिटं हात लावू नका.

अबोली_सावंतवाडी:

लिहू की नको असं चाललं होतं.
भाऊ २०२२मध्ये अचानक गेला. तीन महिन्यांनी वहिनीने त्याचा लॅपटॉप लावला तर हेच, दिवा आणि पंखा, बाकी काही नाही. रॅम घासून झाली, टीव्हीला लावून झालं. शेवटी त्यातली एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी असते ती) काढून यूएसबीच्या डबीत घातली आणि माझ्या लॅपटॉपला लावली. एसएसडी ठणठणीत, पण बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, चालू होतं. ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागतं ते. ती त्याच्या ईमेलवरच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असणार, आणि त्याचा फोन नंबर वहिनीने बंद करून टाकला होता. वह्या, डायऱ्या, बँकेच्या फाइली, सगळं शोधलं. नाही मिळाली. लेकीचे पहिल्या पाच वर्षांचे फोटो त्यात आहेत.
एसएसडी मी डब्यात घालून कपाटात ठेवलीय.
कृपा करून आज ती की कागदावर उतरवून घरातल्या माणसाला देऊन ठेवा.

तगर:

@अबोली_सावंतवाडी, काय बोलू. लिहिलंत ते फार बरं केलंत. मी आत्ताच आमच्या दोन्ही लॅपटॉपच्या कीज वहीत उतरवल्या, यजमानांना वही कुठे ठेवलीय ते दाखवलं.

नर्मदेकाठी:

मीही. अबोली, नंबर बंद झाला असला तरी त्या ईमेलचा पासवर्ड त्याच्या जुन्या फोनमध्ये जतन असू शकतो. फोन आहे का वहिनीकडे? एकदा विचाराल?

अबोली_सावंतवाडी:

फोन आहे. बॅटरी फुगली म्हणून बंद करून ठेवलाय. वहिनीला आजच फोन करते.

वऱ्हाडी_ऊन:

ताई, फुगलेली बॅटरी चार्ज करू नका. दुकानातून आधी नवी बसवून घ्या, मग फोन लावा. डेटा बॅटरीत नसते, काही जात नाही.

केळफूल_२:

तगर, ओव्यांचं पुढे काय झालं? लॅपटॉप चालू झाल्यावर मिळाल्या सगळ्या?

तगर:

@केळफूल_२, मिळाल्या, पण एक अडथळा होता. क्लासमध्ये आईला जुन्या, युनिकोड (कुठल्याही मशीनवर तीच अक्षरं दिसतात ती पद्धत) नसलेल्या फॉन्टवर शिकवलं होतं. फाइल नव्या लॅपटॉपवर घेतली तर नुसती रोमन अक्षरं आणि खुणा, एक शब्द वाचता येईना. आईचा चेहरा पुन्हा उतरला. तळमजल्यावरच्या त्याच मुलाने कन्व्हर्टरमधून युनिकोड करून दिलं. रफार आणि जोडाक्षरं जागोजागी विस्कटलेली होती, ती आईने एकेक करून दुरुस्त केली. चार महिने लागले. आता तीन ठिकाणी प्रती आहेत, एक छापील माझ्या कपाटात.
भाचीचा लॅपटॉप दुपारी दाखवून आणला. केबल सैल झाली होती, परत बसवली, तीनशे रुपये. या दुकानदाराने उघडून, दाखवून, मग सांगितलं.

पाणंद:

आले. माझा अनुभव: मुंग्या. मुलगा कीबोर्डवर चिक्की खायचा. आत कण आणि मुंग्यांचं अख्खं वारूळ, अंडी होती. साफ केल्यावर स्क्रीन आली. बाकी उद्या, पाहुणे आलेत.
तगर, आईंची एखादी ओवी इथे लिहाल का?

तगर:

@पाणंद, आईला आत्ता फोनवर विचारलं. म्हणाली, थांब, कुठली द्यायची ते बघते. चष्मा लावून बसलीय कागद घेऊन.