तुकडे नव्हे, सोय

२००४ मध्ये सोलापूर जिल्ह्याचं वेगळं विद्यापीठ झालं आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे तुकडे पडले, असं काहीजण म्हणतात, ते मला पटत नाही. १९६२ मध्ये हे विद्यापीठ निघालं तेच मुळी आपल्या भागाला पुणे लांब पडायचं म्हणून. मग सोलापूर जिल्ह्यातल्या अक्कलकोटच्या पोरांनी कोल्हापूर का जवळचं मानावं?

९८ साली माझ्या कोल्हापूरच्या खोलीवर तिकडचाच एकजण उतरला होता. मार्कलिस्टात आईचं नाव चुकलेलं. रात्रभर एसटीने आला, सागरमाळावर विद्यापीठात गेला, तर खिडकीवर कळलं की कॉलेजचं पत्र हवं. मुकाट्याने डब्यातली शेंगाचटणी आमच्यापुढे ठेवली आणि परतीची गाडी धरली. आता शिवाजी विद्यापीठाकडे कोल्हापूर, सांगली, सातारा एवढंच उरलंय, त्यात कमीपणा कसला?