३०४ बंद आहे की नाही? (सोलापुरातल्या आमच्या सोसायटीचा ग्रुप)

येमूल वहिनी (ए-१०२): सेक्रेटरी साहेब, काल दाराखालून सरकवलेला फॉर्म कुणाच्या डोक्यातून निघालाय ते आधी सांगा. घरात माणसं किती, भाडेकरू आहे का, इथपर्यंत ठीक. "घरात कोणता व्यवसाय चालतो का" हे कशाला पाहिजे? कचऱ्याचे पैसे मागताय का चौकशी लावलीय माझी

सचिन (ए-२०३): सुरू झालं 🍿

शेख सर (सेक्रेटरी): वहिनी, नमस्कार. फॉर्म मागच्या मीटिंगमध्ये ठरला होता. प्रत्येक मालकाने स्वयंघोषणापत्र द्यायचं आहे. स्वतः राहतात, भाड्याने दिलाय की बंद आहे, आणि ओला-सुका वेगळा देणार म्हणून सही. कचरा उचलणाऱ्या मावशींचे पैसे वाढवायचेत त्यासाठी हिशेब लागतो. कुणावरही रोख नाही.

येमूल वहिनी: मीटिंगला किती जण होते ते पण लिहा की. निम्मे तर चहाला आले होते

पाटील (बी-३०४): नमस्कार. माझा फ्लॅट बंद आहे. मी पुण्यात राहतो. जिथे कचराच होत नाही तिथे कचऱ्याचे पैसे घेणे योग्य नाही. कृपया नोंद घ्यावी.

म्हेत्रे आजोबा (ए-३०१): पाणी आले का

वाघमारे मॅडम (खजिनदार): नाही आजोबा, उद्या आहे.
आणि हिशेब असा आहे, मावशींना आत्ता फ्लॅटमागे महिन्याला ५० मिळतात. ८० करायचेत. त्या चार मजले चढून दारातून बादली उचलतात, खाली आणून वेगळं करतात आणि गाडी आली की भरून देतात. बी विंगला लिफ्ट कधी चालते कधी नाही तुम्हाला माहितीच आहे. ३० रुपयांसाठी हे सगळं चाललंय, मला तर लाज वाटते बोलायची

सचिन: मॅडम घंटागाडी तर फुकट येते ना गेटवर, आपण घरपट्टी भरतो की. १ एप्रिल आन १ ऑक्टोबर, वर्षातून दोनदा हप्ता. मग हे परत कसले पैसे

बिराजदार अण्णा (बी-४०१): सचिन, गाडी गेटपर्यंत येते. तुझ्या दारातून गेटपर्यंत बादली कोण आणतं ते सांग. तू सकाळी साडेसातला उठतोस का?

सचिन: अण्णा सकाळी सकाळी असं बोलू नका ओ

बिराजदार अण्णा: आणि शुल्काचं म्हणाल तर घनकचरा व्यवस्थापन नियम २०१६ मध्येच स्पष्ट होतं. कचरा करणाऱ्याने तो तेव्हा तीन प्रकारात वेगळा करून द्यायचा होता, ओला, सुका आणि घरगुती घातक, म्हणजे बॅटरी, ट्यूब, जुनी औषधं वगैरे. एप्रिल २०२६ पासून नव्या नियमांत सॅनिटरी कचरा वेगळा धरून चार प्रकार झालेत. आणि स्थानिक संस्थेच्या उपविधीत जे शुल्क असेल ते भरायचं. पण ते मनपाचं झालं. मावशींचं आपलं अंतर्गत आहे. दोन्ही एकात घालून भांडू नका, हिशेब वेगळा आहे.

पाटील: नमस्कार. माझा फ्लॅट बंद आहे. मी कचरा करत नाही. योग्य ती नोंद घ्यावी ही विनंती.

कुलकर्णी काकू (ए-००१): मला एक बोलायचंय. ड्रम माझ्या खिडकीखाली आहेत, तुमच्या नाही. काल मावशीनं सुक्याच्या ड्रममधून काच काढताना बोट कापून घेतलं, मी हळद लावली आणि चिंधी बांधली. कुणीतरी फुटलेला ग्लास तसाच पिशवीत टाकला होता. आणि ओल्यात डायपर!! पेपरात गुंडाळून वेगळा द्यायला किती वेळ लागतो? आता पैशावरून चाललंय पण आधी हे बघा

येमूल वहिनी: काकू चिंधी माझ्याचकडची असेल, त्याच तर खुपतात लोकांना 😏 मी शाळेच्या युनिफॉर्मचं कटिंग करते म्हणून फॉर्ममध्ये व्यवसायाचा रकाना आलाय, मला कळत नाही होय. माझ्या चिंध्या मी पोत्यात बांधून ठेवते आणि भंगारवाला घेऊन जातो, मावशीला हात लावू देत नाही. आणि बी विंगच्या जिन्याखाली दिवाळीपासून टाइल्सचा राडारोडा पडलाय त्याचा रकाना कुठाय फॉर्ममध्ये???

बिराजदार अण्णा: तो राडारोडा माझा आहे, मी उचलायला सांगितलंय. ट्रॅक्टरवाला दर वेळी पुढच्या आठवड्यात म्हणतो.

सचिन: अण्णा जानेवारीतली गड्डा यात्रा होऊन गेली की ओ त्या ट्रॅक्टरवाल्याची 😂

बिराजदार अण्णा: तू गप रे

निखिल (मिलान): Hi सगळ्यांना, आईचा फोन आला म्हणून वाचलं. इकडे इटलीत टारी म्हणून कचऱ्याचा कर आहे, २०१४ पासून. घराचे चौरस मीटर आणि घरात किती जण राहतात त्यावर ठरतो. घर घेतलं किंवा भाड्याने आलात की नगरपालिकेला डिक्लरेशन द्यायचं, पुढच्या वर्षीच्या ३० जूनपर्यंत. आणि कर राहणारा भरतो, मालक नाही. भाडं सहा महिन्यांपेक्षा कमी काळाचं असेल तरच मालक. सिस्टीम क्लिअर आहे. आपल्याकडे पण असं करता येईल

सचिन: निखिलदादा तिकडे पाणी रोज येतं का

निखिल: हो 24 तास

सचिन: मग बादली धुता येत असेल. इथं चौथ्या दिवशी पाणी येतंय, ओल्याची बादली धुवायची का आंघोळ करायची ते पहिलं ठरवू दे

कुलकर्णी काकू: निखिल तू झोप आता, तुझ्याकडे रात्रीचे किती वाजलेत

शेख सर: निखिलची माहिती चांगली आहे. एक विचारतो बेटा, तिकडे घर बंद असेल तर?

निखिल: सर आमच्या इथे घरात सामान असेल आणि लाईट-पाणी जोडलेलं असेल तर भरावंच लागतं, कारण तिथे कचरा होऊ शकतो असं धरतात. अगदी रिकामं, कनेक्शन कापलेलं असेल तर सूट मिळते, ती पण मागावी लागते, लिहून.

पाटील: तो इटलीचा कायदा आहे. आपला फ्लॅट सोलापुरात आहे आणि बंद आहे. नोंद घ्यावी.

बिराजदार अण्णा: बरं मग सोलापूरचं ऐका. आपल्या आदर्श उपविधीत, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीत, सेवाशुल्क सगळ्या फ्लॅटना समान आहे. झाडलोट, वॉचमन, जिन्यातला लाईट, सगळं त्यात येतं. फ्लॅट बंद आहे म्हणून वॉचमन त्याचं दार सोडून बाकीची राखत नाही. मावशी तळमजल्यापासून जिना झाडते, ३०४ पुढचा पण. म्हणून बंद असला तरी पैसे लागतात. भाड्याने दिला तर मालक स्वतः राहत नाही म्हणून वेगळं बिनभोगवटा शुल्क लागतं, ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांच्या वर घेता येत नाही, १ ऑगस्ट २००१ चा शासनाचा आदेश आहे. बंद ठेवला तर ते लागत नाही.

सचिन: म्हणूनच तर सोसायटीत इतके फ्लॅट बंद आहेत 😂😂

वाघमारे मॅडम: सचिन हे तू हसण्यावारी घेतोयस पण मी रजिस्टर बघते ना. आपल्याकडे भाडेकरू म्हणून नोंद फक्त दोघांची आहे. पार्किंगमध्ये बाईक किती आहेत ते मोजा एकदा

(एक मेसेज डिलीट केला गेला)

सचिन: कुणी काय लिहिलं होतं बे, मी वाचलं नाही

स्वामी वहिनी (बी-३०३): मी ग्रुपवर कधी बोलत नाही. पण आमच्या समोर ३०४ च्या दारात रोज सकाळी पिशवी असते. बिर्याणीचे डबे, कोल्ड्रिंकच्या बाटल्या, सगळं एकात. मांजर फोडतं आणि आमच्या दारापर्यंत रस्सा येतो. मी दोन वेळा पुसलं. कुणाचं नाव घ्यायचं नाही मला

सचिन: वहिनी तुम्ही नाव सोडून सगळं घेतलं 🙏

येमूल वहिनी: अग्गोबाई

पाटील: माझा भाचा शिकायला आहे सोलापूरला. तो अधूनमधून येऊन राहतो. भाडेकरू नाही. माझ्याकडून एक रुपया भाडं घेतलेलं नाही. गैरसमज नसावा.

सचिन: "माझ्याकडून घेतलेलं नाही", म्हणजे भाच्यानं मामाकडून भाडं घ्यायचं असतं होय 🤔

पाटील: मी त्याच्याकडून घेतलेले नाही असे वाचावे.

स्वामी वहिनी: साहेब मुलं चार आहेत. चांगली आहेत हो, भेटली की नमस्कार करतात, जिन्यात सिलिंडर चढवायला मदत करतात. फक्त पिशवी

शेख सर: पाटील साहेब, राग मानू नका. फॉर्ममध्ये "बंद" वर खूण करून पाठवलाय तुम्ही, म्हणून विचारतोय. तेवढी दुरुस्ती केलीत तर बरं होईल.

बिराजदार अण्णा: कुटुंबातलं माणूस राहिलं तर बिनभोगवटा शुल्क लागत नाही, पण उपविधीत कुटुंबाची व्याख्या दिलेली आहे. नवरा, बायको, आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, जावई, सून, मेहुणा, मेहुणी, नातवंडं. भाचा त्यात नाही.

सचिन: पाटील साहेब भाच्याला मेहुणा करून टाका, प्रश्नच मिटला

येमूल वहिनी: 😂😂😂 नाव लिहिताना विचार करा मात्र, मेहुणे चार होतील

पाटील: ग्रुपवर असली थट्टा योग्य नाही. मी सोसायटीचा पहिल्या दिवसापासूनचा सभासद आहे. माझे मेंटेनन्स कधीही थकलेले नाही, ज्यांचे थकले आहे ते इथे इमोजी टाकतात. खजिनदार मॅडमनी यादी टाकावी.

सचिन: मॅडम यादी टाकू नका, पगार झाला की भरतो

वाघमारे मॅडम: यादी कुणाचीच टाकणार नाही मी. थकलं तर व्याज लावता येतं, आपण लावत नाही, एवढं लक्षात ठेवा सगळ्यांनी.

म्हेत्रे आजोबा: मावशीला ८० काय १०० द्या. आमच्या वेळी मिलच्या चाळीत झाडणाऱ्या बाईला सणाला घरटी शेंगापोळी जायची. आता पोळी पण नाही पैसे पण नाही. पाणी आले का

कुलकर्णी काकू: आजोबा उद्या. आजोबा म्हणतात ते बरोबर आहे, आमच्याकडून १०० लिहा.

शेख सर: ठरलेले ८०, काकू. तुम्ही जास्त दिलेत तर आनंदच आहे. पुढच्या रविवारी सकाळी १० ला पार्किंगमध्ये दहा मिनिटं भेटू. व्यवसायाचा रकाना मी काढून टाकतो, येमूल वहिनींचं म्हणणं मला पटलंय, तो रकाना कशाला घातला मलाच आता आठवत नाही. त्या जागी "राडारोडा / मोठा कचरा असल्यास उचलण्याची तारीख" टाकतो.

बिराजदार अण्णा: माझ्यावर रोख दिसतोय हा.

शेख सर: अण्णा, तारीख टाका, बास.

येमूल वहिनी: धन्यवाद सर. मग मी सही करते. पण काचेचा तुकडा टाकणारा कोण तो रकाना पण ठेवा

सचिन: काच आमची होती वहिनी. मावशींना मी गोळ्या आणून दिल्या आज. आता भाषण नको

कुलकर्णी काकू: पेपरात गुंडाळून "काच" लिहून द्यायचं सचिन, एवढंच

सचिन: हो काकू

पाटील: दुरुस्त फॉर्म पाठवला आहे. नोंद घ्यावी.

वाघमारे मॅडम: मिळाला. पाटील साहेब, यात "स्वतः राहतात", "भाड्याने" आणि "बंद" तिन्ही खोडून बाजूला पेनाने "अधूनमधून" लिहिलंय. मी रजिस्टरला काय चढवू?

सचिन: अधूनमधूनचा रेट काढा की मॅडम